साळवे गुरुजींचं हयात असणं

म्हातारे मतदार आणि इंटरनेट या विषयावर मी चार वर्षं संशोधन केलं. कामाचं ते वहीत गेलं, बिनकामाचं मनात साचत गेलं. वही आता उघडवत नाही. साचलेलं मात्र कुणी चहाला बसलं की बाहेर येतं. सगळं नीट आठवतंय ना, ही शंका माझी मलाच असते.

माझी माणसं म्हणजे बदलापूरच्या कात्रपमध्ये एका सायबर कॅफेत सकाळी जमणारे सहा-सात पेन्शनर. पाणी, गटार, रस्त्यावरचे दिवे, कशावरही नगरपालिकेला ईमेल पाठवायचे.

*

त्यांचा एक रिवाज होता. रोज सकाळी प्रत्येकाने ईमेलच्या ग्रुपवर एकच शब्द टाकायचा : 'हजर'. मलाही त्यांनी त्यात घेतलं होतं. त्या सगळ्या मेल मोजून मी 'वृद्धांचा वाढता राजकीय सहभाग' असा निबंध परिषदेत वाचून आलो. टाळ्या पडल्या.

त्यांच्यातले साळवे गुरुजी म्हणाले, "सर, ते राजकारण नाही हो. रात्रीत कोण गेलं ते कळावं म्हणून."

*

ग्रुपमधले बेलवलीचे पाटीलकाका वारले. तरी दहाव्यापर्यंत त्यांची 'हजर' येत राहिली.

सगळ्यांचे पासवर्ड कॅफेवाल्या हरेशभाईकडे असायचे. उल्हासनगरचा सिंधी माणूस. मी त्यालाच धरलं.

"मी नाय टाकली, साईं," तो म्हणाला. "आणि आपका भी आज सात बजे आया है. आप तो अभी आ रहे हो."

*

निवडणूक आली आणि मतदारयादीत गुरुजींच्या नावापुढे 'मयत' लागलं. गुरुजींनी आयुष्यात एकही मतदान चुकवलं नव्हतं.

"माझ्या बापाला हा हक्क नव्हता, सर. मी कसा सोडू?"

सगळ्यांनी मिळून ईमेल केले. उत्तर गुरुजींच्याच नावाने आलं. 'अर्जदार मयत असल्याने अर्ज विचारात घेता येत नाही. आपल्या दुःखात सहभागी आहोत.'

*

मग मी त्यांना घेऊन कचेरीत गेलो. क्लार्कने हयात असल्याचा पुरावा मागितला.

"मी उभा आहे ना," गुरुजी म्हणाले.

"ते दिसतंय, काका. कागद कुठाय?"

गुरुजींनी पेन्शनचा हयातीचा दाखला काढला. क्लार्कने तो दोनदा वाचला, गुरुजींकडे पाहिलं आणि हळू आवाजात मला विचारलं, "तुम्हालाही हे दिसतायत ना?"

मी हो म्हणालो. पण जरा थांबून.

*

नाव यादीत परत आलं, तोवर गुरुजींचे पाय गेले. पलंगावरून उठणं बंद झालं. "खुर्चीत घालून न्या, पण न्या," असं रोज सांगायचे. मतदानाच्या चार दिवस आधी ते वारले.

मतदानाच्या दिवशी त्यांच्या पत्नी, माई, तयार होऊन दारात उभ्या. "त्यांचं राहिलं. माझं तरी होऊ दे." मी सोबत गेलो.

केंद्रावरच्या बाईंनी यादीत नाव शोधलं. "तुमच्या मिस्टरांचं झालंय, आजी. सकाळी पहिलेच होते."

"शक्य नाही," मी म्हणालो. "आम्ही त्यांना पोचवून आलोय. कुणीतरी बोगस केलंय."

पोलिंग एजंट कुजबुजायला लागले. बाईंनी घाबरून सह्यांचं रजिस्टर आमच्याकडे फिरवलं. माईंनी चष्मा पुसला आणि त्या सहीवर वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

"सर, सही यांचीच आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बाईंना विचारलं, "चालत आले होते का?"