साडूच्या गाडीतली गुडगुड

कान काय, देवानं सगळ्यांनाच दोन दिलेत. पण गडमुडशिंगीच्या बाळासो चौगुल्यांचा प्रपंच त्या दोन कानांवर चालतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ते बावीस वर्षं एकच काम करतायत. ओतलेला लोखंडी जॉब समोर आला की हातोडीनं ठोकायचा आणि ऐकायचं. टण्ण वाजला की पास. थड वाजला की आत तडा. तडा म्हटलं की मात्र नुसतं तोंडानं भागत नाही. घणानं जॉब फोडून तो सगळ्यांना दाखवायचा, असा तिथला नियम. बाळासोंनी नापास केलेला जॉब फोडल्यावर धडधाकट निघाला, असं आजवर एकदाही झालेलं नाही. म्हणून तर गल्लीत कुणाचा मिक्सर कुरकुरला, कुणाची बोअरची मोटर घरघरली की आधी बाळासोंना हाक जाते. ते येतात, डोळे मिटून ऐकतात, निकाल देतात आणि चहा घेतल्याशिवाय उठत नाहीत.

असा हा खणखणीत माणूस. त्याच्यात तडा एकच, आणि त्या तड्याचं नाव विजयसिंह.

विजयसिंह म्हणजे बाळासोंचा साडू. बायको क्रांती, तिच्या धाकट्या बहिणीचा, संयोगिताचा नवरा. शिरोळला बागायती ऊस, दारात ट्रॅक्टर, आणि उंची अशी की फोटोत मागं उभा राहिला तरी पुढं असल्यासारखा दिसतो. एवढं बाळासोंनी सोसलं असतं. पण नळीचं काय? सासरवाडीला मटणाची पंगत बसली की सासूबाईंच्या पळीतनं नळी बरोब्बर विजयसिंहाच्या ताटात पडायची. थोरल्या जावयाच्या ताटात मानेचे तुकडे. तेरा वर्षं झाली, पळीचा नेम चुकलेला नाही. गल्लीत कुणी मुद्दाम काडी घालायला विचारलं, "साडू काय म्हणत्यात?" की बाळासो म्हणायचे, "त्यास्नी काय हुतंय," आणि तंबाखू जरा जास्तच जोरात मळायचे.

आता त्या साडूला चारचाकी घ्यायची होती. जुनीच, पण चारचाकी. आणि पुढच्या रविवारी सासरवाडीची जत्रा. आपण मोटरसायकलवरनं धूळ खात पोचतोय आणि साडू एसीतनं उतरतोय, हे चित्र बाळासोंना भाकरी मोडतानाही दिसायला लागलं. त्यात साडूचाच फोन.

"साडू, गाडी पसंत हाय, पर मागनं कसलातरी आवाज येतोय. दोन मिस्त्री झालं, गावंना. तुमी या. तुमी नको म्हटलासा तर नको."

फोन ठेवून बाळासो गालातल्या गालात हसत बसले. क्रांतीनं पोळपाटावरनं मान वर केली. "काय शिजतंय मनात?"

"काय न्हाय. आवाज ऐकून यायचाय."

"ऐकूनच सांगा मग. निकाल हितनंच घिऊन जाऊ नगा."

गाडी रुईकर कॉलनीतल्या रुद्राप्पा मगदूम यांची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी चालवणं सोडलेलं. गाडी पांढरी, पुसून पुसून गुळगुळीत, सीटवर त्यांच्या बायकोनं, महादेवीनं विणलेले रुमाल. एक ओरखडा दिसेल म्हणून बाळासोंनी दोन फेऱ्या मारल्या. नाही दिसला. वाईट वाटलं.

विजयसिंह चालवायला, शेजारी बाळासो, मागं रुद्राप्पा. सरळ रस्त्यावर काही नाही. वळण आलं आणि मागं गुडगुड गुडगुड झालं, शेवटी टक. ब्रेक मारला, पुन्हा टक. बाळासोंनी डोळे मिटले. बेअरिंग असतं तर वेगाबरोबर आवाज चढला असता. सस्पेन्शन असतं तर खड्ड्यात धडधडलं असतं, आणि खड्ड्यांना कोल्हापुरात तोटा नाही. हे तर वळलं की लोळतंय. हलकं आहे, पोकळ आहे, आणि त्याच्याही पोटात काहीतरी खुळखुळतंय. तिसऱ्या वळणाला बाळासोंना कळून चुकलं. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. गाडीत काहीतरी पडलेलं होतं.

दारात उतरून ते म्हणाले, "तडा हाय. मागं, खाली, सांगाड्याला. नको ही गाडी."

"नको तर नको," म्हणून विजयसिंहानं लगेच किल्ली पुढं केली. एक प्रश्न नाही. बाळासोंना वाटलं होतं जरा तरी वाद घालेल, मग हरवायला मजा आली असती. संयोगिता महादेवीबरोबर पायरीवर बसली होती, तिचं तोंड एवढंसं झालं.

रुद्राप्पा मात्र अडले. "आवं पावणं, गाडी एकदाबी कुठं ठोकलेली न्हाय. तडा कुठनं यील? दावा की."

"दावतील की," विजयसिंह म्हणाला. "आमचं साडू तडा म्हटलं की दावत्यात. बावीस वर्सात एक चुकलेला न्हाय."

झालं. स्तुती करणारा साडूच, आता पळायचं कुठं? बाळासो पिशवीतली हातोडी काढून पोतं अंथरून गाडीखाली शिरले. ठोकलं. टण्ण. जरा पलीकडं ठोकलं. टण्ण. एवढा शुद्ध आवाज त्यांच्या फाउंड्रीतसुद्धा रोज ऐकायला मिळत नाही. मग त्यांनी बावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. डावा तळवा पत्र्यावर दाबून धरला आणि त्याच्या शेजारी ठोकलं.

थड.

"आला बगा," वर विजयसिंह म्हणाला.

मग रुद्राप्पांचा आवाज आला, अगदी बारीक. "महादेवी, ऐकलीस? नातवंडं बसवून सौंदत्तीला गेलतो की ग आपण हीच गाडी घिऊन."

बाळासो गाडीखाली तसेच पडून राहिले. इथं घण नव्हता, फोडून बघणारं कुणी नव्हतं. रविवारची मोटरसायकल डोळ्यांसमोर होती. नळीही होती. पण त्या 'थड'मधलं खोटं त्यांच्या स्वतःच्या कानात किडा शिरल्यासारखं वळवळत होतं. त्यांनी तळवा काढला आणि त्याच जागी पुन्हा ठोकलं, चांगलं जोरात. टण्ण.

बाहेर येऊन शर्ट झटकत म्हणाले, "हात लागलता माजा. तडा न्हाय. स्टेपनीच्या खळग्यात बगा."

डिकीतला गालिचा उचलला, तर चाकाच्या कडेला काळा पडलेला एक नारळ. महादेवीनं कपाळाला हात लावला. "अगंबाई, खंडेनवमीचा. गाडी पुजलेली, फोडायचा ऱ्हाऊन गेला. देवाचा टाकवंना म्हणून हितं ठेवलता."

"औंदाचा?"

"दोन झाल्या की मदी."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं विजयसिंह. त्यानं नारळ बाळासोंच्या हातात दिला. "फोडा साडू. मान तुमचा. आन जत्रंला गाडीत म्होरं तुमी बसायचं, सांगून ठेवतो."

बाळासोंनी पायरीवर नारळ ठेवून एक घाव घातला. करवंटी दुभंगली, आतनं अख्खा गोटा बाहेर आला. आता एकच आशा उरली होती. दोन वर्षं डिकीत तापलेलं खोबरं, खवट तरी असेलच. सगळ्यांच्या आधी त्यांनी तुकडा तोंडात टाकला.

घरी आल्यावर क्रांतीनं विचारलं, "काय लागला निकाल?"

"पास."

"आन आवाज कसला हुता?"

बाळासोंनी खिशातनं खोबऱ्याचा भलामोठा तुकडा काढून तिच्यापुढं ठेवला. सगळ्यात मोठा, साडूनंच हातात कोंबलेला. तिनं चावून बघितला. "गोड हाय की ओ."

"त्यास्नी काय हुतंय," बाळासो म्हणाले आणि तंबाखूची डबी शोधायला लागले.