भिंतीवरचा सगळ्यात वरचा चेक

शुक्रवारी मार्लीन स्टबलफील्डच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. कोंबड्या कापून पॅक करणाऱ्या कारखान्याचा पगार त्याच दिवशी होतो, आणि आर्कान्सातल्या त्या गावातली निम्मी माणसं बँकेच्या वाटेला जात नाहीत. मार्लीन काचेखालच्या फटीतून पगाराचा चेक घेते आणि आपलं कमिशन कापून रोख देते. पगाराआधी कुणाला नड असली, तर पुढच्या तारखेचा चेक ठेवून घेऊन उसने देते. चाळीस वर्षं हेच चाललंय. एखाद्याचं नाव ती विसरेल, सही विसरणार नाही.

तिच्या पाठीमागच्या भिंतीवर न वटलेले चेक टाचून ठेवलेले असतात. ही पद्धत तिच्या वडिलांची, हॉलिसची. ज्यानं चेक दिला त्यानंच येऊन पैसे भरायचे, तरच तो खाली उतरायचा.

सगळ्यात वरचा, पिवळा पडलेला चेक ड्यूई रडचा. साठ डॉलर, एकोणीस वर्षांपूर्वीचे. आणि आता ड्यूईच्या मुलाशी मार्लीनच्या मुलीचं, केंड्राचं लग्न ठरलेलं. रविवारी दोन्ही घरं एकत्र जेवणार होती.

"आई, तो चेक काढ," केंड्रा म्हणाली. "सासऱ्याला भिंतीवर टांगायचं आणि वर त्याच्या ताटात मासे वाढायचे?"

"आजोबांचा नियम आहे."

"आजोबांना जाऊन बारा वर्षं झाली. मला त्या घरात जन्म काढायचाय."

गुरुवारी दुकान बंद करताना मार्लीन स्टुलावर चढली, चेक काढला आणि खणात टाकला. वडिलांच्या फोटोकडे बघायचं तिनं टाळलं.

शुक्रवारी दुपारी बघते तर रांगेत ड्यूई. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. त्याला पाहून रांगेतली कुजबुज थांबली.

"मार्लीनबाई, साठ डॉलर भरायला आलोय," सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला आणि त्यानं भिंतीकडे बोट केलं. बोट तसंच राहिलं. "माझा चेक कुठंय? पोरानं भरले?"

"कुणी नाही भरले. मीच काढला. रविवारी तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून."

ड्यूईचे कान लाल झाले. "म्हणजे दया केलीत. एकोणीस वर्षं मी लाकडाच्या गिरणीत लांबच्या रस्त्यानं जातोय, हे दुकान लागू नये म्हणून. ते काय दयेसाठी?"

"माझा आठ महिने टांगला होता," मागून म्हातारी ओपल म्हणाली. "माझ्यावर नाही कुणी दया केली."

रांग हसली. ड्यूई मात्र दाराकडे वळला. तो असाच गेला असता, तर रविवारचं जेवण बोंबललं असतं, आणि कदाचित लग्नही.

"थांबा," मार्लीन म्हणाली. तिनं खणातून चेक काढला, स्टुलावर चढून जुन्याच भोकात टाचणी खोचली आणि खाली उतरली. "आता बोला."

ड्यूईनं मान कलती करून पाहिलं. "तिरका लागलाय."

ती पुन्हा चढली. चेक सरळ झाला. मगच साठ डॉलर फटीतून आत सरकले.

"आणि चेक परत आल्याचा दंड. पंचवीस."

"सोयरीक झाली तरी?"

"सोयरीक रविवारी. आज शुक्रवार आहे."

ओपलला हसता हसता खोकला लागला. ड्यूईनं पंचवीस मोजले, मार्लीननं भिंतीवरून उतरवून दिलेला चेक घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या खिशातून गिरणीच्या पगाराचा चेक काढला.

"आता आलोच आहे, तर हाही वटवून द्या."

मार्लीननं तो उजेडात धरला, उलटापालटा केला.

"ओळखपत्र दाखवा, व्याहीबुवा."