मायचा उपास मी धरला

प्रथम माफी मागतो. लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे कोणता, हे मला ठाऊक नाही. निजामाचं राज्य होतं, शाळेपासून माझं सगळं शिक्षण उर्दूतून झालं; मराठी येते ती घरात आणि मेंढरांमागं बोललेली. कागदावर ती उतरवताना हात अडखळतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन, केज आणि नांदूरघाटच्या मधलं गाव, एवढंच आमचं जग. तरीही मायच्या दुखण्यात जे घडलं ते कुणीतरी लिहून ठेवावं असं वाटतं, आणि घरात लिहिता येणारा मी एकटाच आहे.

मी औरंगाबादेला कॉलेजात असताना दिवाळीनंतर मायला कावीळ झाली. निरोप मिळून मी घरी पोचलो तोवर ताप उतरला होता. पण उन्हात भिंतीला टेकून बसलेल्या मायचे डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे दिसत होते. मला बघून म्हणाली, "वाळलास रं. तिथं खायला घालतेत का न्हाई?"

खायचं तर तिनंच सोडलं होतं. काविळीला अन्न जड पडतं, उसाच्या रसावर राहा, असं शेजारणींनी सांगितलं होतं. गुऱ्हाळं नुकतीच लागली होती. आबा, म्हणजे माझे वडील, सकाळी तांब्याभर रस आणत आणि माय तो दिवसभर पुरवून पीत असे. सुरुवातीला तिला बरं वाटलं. मग उठताना डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली. धुणं पिळायला घेतलं की हात थरथरत. तिला त्याचं काही नव्हतं, उलट ती समाधानात होती. म्हणाली, "आता देवीचं नवरात्र बसंल. बरी सवय झाली."

आमची कुलदेवी आंब्याची, म्हणजे अंबाजोगाईची. तिचं नवरात्र मार्गशीर्षात असतं. मी शाळेत गेलो त्या वर्षी माय देवीपुढं बोलली होती, की पोराची शाळा नीट होऊ दे, मी दरवर्षी तुझं नवरात्र पौर्णिमेपर्यंत रसावर काढीन. मी पास होत गेलो आणि तिची खात्री पटत गेली, की वरच्या वर्गात मी जात नाही, तिचा उपास मला चढवतो. उपास मोडला तर माझं शिक्षण मोडणार, हे तिच्या लेखी सूर्य उगवण्याइतकं नक्की होतं.

मी आणि आबांनी तिला बैलगाडीत घालून केजच्या दवाखान्यात नेलं. तिथले हकीम वयस्क होते, बोलणं दख्खनी उर्दूतलं. त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, उजव्या बरगडीखाली बोटं दाबली तेव्हा माय कण्हली. लघवीचा रंग विचारला. दिवसा झोप फार येते का, झोपेत बरळते का, तेही विचारलं. मग ते बोलत गेले आणि मी मराठीत सांगत गेलो.

"कावीळ उतरतीय, पण जिगर अजून सुजलेलं हाय. रस चालंल, पण औषधासारखा. ताजा, फडक्यानं गाळलेला, जेवल्यावर चार घोट. जेवणाच्या जागी न्हाई. जिगर दुखतं तवा उपाशी राहिलं की अंगातली ताकद आतल्या आत झिजती. मऊ भात, मुगाचं वरण, ज्वारीच्या कण्या, ताक, थोडं थोडं पन दिसातून बऱ्याच येळा. कुनाचा झाडपाला घ्यायचा न्हाई. पोट फुगलं, बरळाय लागली, न्हाईतर काळं परसाकडं झालं, तर तसंच गाडीत घालून आनायचं."

मायनं माझ्याकडं संशयानं पाहिलं. "त्ये एवढं बोललेच न्हाईत. तूच लांबवतूयास."

हकिमांना मराठी समजत असावी. ते हसले आणि म्हणाले, "अम्मा, मैं तो और भी बोला. लडका कम करके बता रहा."

"मग देवीला काय सांगू? त्ये इचार त्यांला."

मी विचारलं. त्यांनी हात वर केले. दवा त्यांच्या हातात होती, देवी नव्हती.

परतीच्या वाटेवर माय एकदम म्हणाली, "मी जेवनार न्हाई. परीक्षा तोंडावर आलीय तुझी." जिगर म्हणजे यकृत, ते कुठं असतं, हे मी तिला सांगू शकत होतो. पण माझ्यासाठी धरलेला उपास माझ्याच शिक्षणाच्या जोरावर मोडायला कसं सांगू?

तेव्हा आबा बैलांकडं बघत म्हणाले, "आपल्यात उपास दुसऱ्याच्या हातावर देतेत की. बाळंतपनात तुझा मी धरलता."

आमच्याकडं ही रीत आहे. घरातली बाई आजारी असली की तिच्या ओंजळीतलं पाणी दुसऱ्यानं आपल्या ओंजळीत घ्यायचं. त्या घडीपासून उपास त्याचा.

माय उसळली. "तुमी धरलता! अन् हुरड्याच्या आगटीवर कोन सापडलं? मिशाला राख लागलती!"

"वास आला म्हून गेलतो," आबा म्हणाले. "दोनच कणसं..."

"देवीनं मोजली न्हाईत व्हय!"

माय मनापासून हसली. घरी आल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ती हसतेय तोवर मी बोलून टाकलं, "माय, माझ्यासाठीचा उपास हाय, तर मीच धरतो."

ती हसायची थांबली. मग म्हणाली, "तू खाल्लंस असं कळलं, तर मी घास टाकीन."

"अन् तू जेवतीस, बरी हायेस, ही खबर येईस्तवर मी अन्नाला शिवनार न्हाई. पौर्णिमा गेली तरी."

"लई शिकलास," ती म्हणाली. घरी गेल्यावर देवापुढं तिनं ओंजळ केली. तिच्या बोटांमधून गळणारं पाणी मी माझ्या ओंजळीत घेतलं. मामा पौर्णिमेनंतर कापसाची गाडी घेऊन जालन्याला जाणार होते. तिथून ते रेल्वेनं माझ्याकडं येऊन खबर सांगतील असं ठरलं.

बोर्डिंगात मी संत्र्यांच्या रसावर आणि दुधावर राहू लागलो. खोलीतला सोबती बीडचा, मुसलमान. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "क्यों बे, रमजान कब का गया, तू अकेलाच रोजे रख रहा?" मी सगळं सांगितलं. त्यानंतर त्यानं थट्टा सोडली नाही, पण आपल्या वाटचं संध्याकाळचं दूधही माझ्या पेल्यात ओतू लागला.

मी तरणा, धडधाकट, मेंढरांमागं डोंगर तुडवलेला. तरी थोड्याच दिवसांत जिना चढताना कठडा धरावा लागला. वर्गात फळ्यावरची अक्षरं हलू लागली. माझं अंग निरोगी असून ही गत, तर सुजलेलं जिगर घेऊन ती काय सोसत होती, हे मला तेव्हा कळलं. मी रस पीत होतो आणि मनात एकच घोकत होतो: जेव, माय, आता जेव. ती जेवतेय की लपवून तीही उपास धरतेय, हे समजायला मार्ग नव्हता. ती धरेल, अशी मला भीती होती. तिचा स्वभाव मला माहीत होता.

सहामाही परीक्षा त्याच दिवसांत झाली. पेपर मी सगळे लिहिले. निकाल लागला तेव्हा माझं नाव वरच्या मुलांत होतं. उपाशीपोटी, उर्दूत, मेंढपाळाच्या पोरानं ते केलं होतं. मास्तरांनी पाठीवर थाप मारली तेव्हा मी जवळजवळ खाली बसलो. पण आनंद अर्धाच होता. पौर्णिमा येऊन गेली आणि मामांचा पत्ता नव्हता.

सोबत्यानं भाताचं ताट पुढं सरकवलं. "अब तो खतम हुआ ना? खा."

"खबर आली नाही."

तो चिडला. "तेरी अम्मा को जिलाने के वास्ते तू मरेगा क्या बे?" मी फक्त दुधाचा पेला उचलला. ताट तसंच होतं. ती बरी असती तर मामा आले असते, हाच एक विचार डोक्यात फिरत होता.

मग एका दुपारी खालून ओरडणं ऐकू आलं. सोबती जिन्यावरून हाका मारत होता, "चाँद दिखा बे! चाँद दिखा!" त्याच्या मागून पटका सोडत, धुळीनं माखलेले मामा वर आले.

"गोदावरीच्या उतारावर बैलाचा पाय मुरगळला, म्हून येळ झाला," ते म्हणाले. आणि माझ्याकडं बघून, "कावून असा काटकीवानी दिसतूस?"

"माय?" मी विचारलं.

मामांनी धोतराच्या सोग्यातून फडकं काढलं. आत बाजरीची भाकरी होती, तीळ लावलेली, वाळून कडक झालेली, आणि अर्धी. "अर्धी तिनं माझ्यादेखत खाल्ली. म्हनली, ही त्याला द्या, म्हंजी त्याला पटंल."

मी तिळाच्या बाजूनं एक तुकडा मोडून तोंडात घातला. दातांना तो फुटेना. सोबती शेजारी उभा राहून माझ्या तोंडाकडं बघत होता. त्यालाही एक तुकडा दिला.

"डोळं पांढरंफटक झालेत बघ," मामा सांगत होते. "हकिमानं पोट दाबून बघितलं, सूज उतरली म्हनला. नांदूरघाटच्या बाजाराला चालत जाऊन आली. अन् आता रोज जेवन झालं की तांब्या घिऊन सोता गुऱ्हाळावर जाती. चार घोट रस पिती, अन् रस फडक्यानं गाळत न्हाईत म्हून त्या गुळव्याला शिव्या घालती. सारा गाव ऐकतूय."