लवू घाडीगावकरांचा फळा

मुलुंडच्या गोपीनाथ निवासात जिन्याखाली एक काळा फळा आहे. वरचा अर्धा भाग सोसायटीचा: पाणी कधी जाणार, टाकी कधी धुणार, स्कूटर कुठे लावू नये. खालचा अर्धा लवू घाडीगावकरांचा. हे वाटप कुठल्या सभेत मंजूर झालेलं नाही, पण बावीस वर्षांत त्या खालच्या भागाला हात लावायची सेक्रेटरीचीही टाप झालेली नाही.

लवूकाका म्हणजे कबड्डी, एवढं सांगितलं की त्यांची निम्मी ओळख झाली. तरुणपणी गिरणीच्या संघातून दोन हंगाम खेळले. गिरणी बसली तसा संघही बसला, आणि काकांनी पुढची सगळी नोकरी मुलुंडलाच एका स्प्रिंगांच्या कारखान्यात काढली. गुडघे गेले, केस गेले, कबड्डी काही जाईना. सामना टीव्हीवर असला की सकाळीच खडू घेऊन फळ्यावर लिहायचे, कोण विरुद्ध कोण, किती वाजता, आणि खाली ठळक अक्षरांत ‘आमच्या घरी’. संध्याकाळी त्यांच्या तळमजल्यावरच्या खोलीत सतरंजीवर, पलंगावर, दारात, खिडकीबाहेर माणसंच माणसं. विमलाकाकू चहा करून करून वैतागायच्या, आणि माणसं कमी आली की त्याहून जास्त वैतागायच्या.

मग हळूहळू सामने टीव्हीवरून उठले. आधी चॅनलचं पॅकेज महागलं, मग तेच चॅनल दुसऱ्या पॅकेजमध्ये गेलं, मग म्हणे आता टीव्हीवर नाहीच, अ‍ॅप घ्या. ते घेईपर्यंत पुढची स्पर्धा तिसऱ्याच अ‍ॅपवर. ‘‘मातीतला खेळ रे हा! मैदानात उभं राहून फुकट बघायचा. ह्याला कुलूप लावतात?’’ काका जिन्यात भेटेल त्याला विचारायचे. लोक मान डोलवायचे आणि वर जाऊन ज्याच्या त्याच्या मोबाइलवर क्रिकेट बघायचे. त्या खोलीत यायचं लोकांनी बंद केलं, आणि कुणी ठरवून केलं नाही म्हणून तर काकांना ते जास्त लागलं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. फळ्याचा खालचा भाग दोन वर्षं कोराच राहिला.

यंदा मात्र त्यावर नाव आलं ते प्रियांकाचं. प्रियांका साळवे ही तिसऱ्या मजल्यावरच्या मालनची मुलगी. मालन जालन्याकडची, नवरा गेल्यावर पालिकेच्या शाळेत आया म्हणून लागलेली. पोर शाळेनंतर मागच्या मैदानात लवूकाकांकडे यायची. काकांनी तिला चढाई शिकवायच्या फंदात न पडता कोपऱ्यात उभं केलं आणि घोट्याची पकड शिकवली. ‘‘चेहऱ्याकडं बघू नको. चेहरा खोटं बोलतो, पाय नाही बोलत,’’ हे त्यांचं कायमचं. आता ती एकवीस वर्षांची होती आणि महिलांच्या मोठ्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली होती. सामना बाहेरगावी, आणि दिसणार फक्त अ‍ॅपवर.

मालनने आजवर लेकीचा एकही सामना पाहिला नव्हता. कधी ड्युटी, कधी सासूचं आजारपण, कधी लांबचं गाव. तिच्याकडे बटणांचा फोन.

‘‘भाऊ, मला बघायला मिळंल का हो?’’ तिने जिन्यात थांबून विचारलं.

‘‘मिळेल म्हणजे? पहिल्या रांगेत बसायचं तुम्ही, मालनताई. माझी जबान.’’

जबान दिली आणि काका सुनेच्या मागे लागले. रुचिरा अंधेरीला एका ऑफिसात होती. तिने रविवारी टीव्हीवर अ‍ॅप चढवलं, पैसे भरले आणि बजावलं, ‘‘बाबा, तुमच्या नंबरवर चालतं हे. ओटीपी येतो, तो कुणाला सांगायचा नाही हां.’’

काकांनी मान हलवली. परक्याला सांगायचा नाही, एवढं तर त्यांनाही कळत होतं. बिल्डिंग काय परकी होती?

सामन्याच्या दिवशी सकाळी फळ्यावर खडू चालला. ‘आपली प्रियांका खेळणार. सायंकाळी सहा. आमच्या घरी.’ मग क्षणभर थांबून, कामावर असणाऱ्यांनी सामन्याला मुकू नये म्हणून, काकांनी खाली स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला आणि त्याखाली, ‘यायला न जमणाऱ्यांनी या नंबरावर बघावे. ओटीपी माझ्याकडून घेऊन जाणे.’

दिवसभर त्यांच्या दारावर टकटक. ‘‘काका, आला का ओटीपी?’’ काका चष्मा चढवून एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवत. लांबच्यांना फोनवर. दोन वर्षांनी घराला पाय लागत होते, माणूस हरखून गेला होता. अकरा जणांना त्यांनी प्रसाद वाटावा तसा ओटीपी वाटला. एका वेळी चारच ठिकाणी बघता येतं, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती, आणि त्यांनी विचारलीही नव्हती.

सहा वाजता मालन आली ती ठेवणीतली साडी नेसून. खोलीत आणखी कोणीच नाही. ‘‘येतील, येतील,’’ म्हणत काकांनी सतरंजी सारखी केली. कोणी आलं नाही. कशाला येतील? ज्याच्या त्याच्या हातात काकांनीच सामना दिला होता, आणि ज्याचा लागला नाही तो शेजारच्याच्या मोबाइलवर वाकला होता.

पूर्वार्धात प्रियांका बाहेर बाकावर होती. दोनदा ती पडद्यावर दिसली आणि दोन्ही वेळा मालनने पदर सावरला, जणू लेक तिला बघत होती. मध्यंतर झालं तसा काकांनी टीव्ही बंद केला. जुन्या डब्यापासूनची सवय, मध्यंतरात जरा गार होऊ द्यायचा. पाच मिनिटांनी परत लावला तर पडद्यावर पाटी: या खात्यावर चार ठिकाणी प्रक्षेपण चालू आहे.

काकांनी बटणं दाबली. मग टीव्हीच बंद करून लावला. पाटी हलेना, आणि त्यातच पंधरा मिनिटं गेली.

‘‘सगळ्यांका वाटलात,’’ विमलाकाकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, ‘‘आणि आपण बघूचे रवलात!’’

काका धडपडत जिन्यात गेले. ‘‘अरे, एकाने तरी बंद करा रे! आई बसलीय तिची!’’ पण दारं बंद आणि मोबाइलचे आवाज मोठे, कुणाला ऐकू जाईना. पहिल्या मजल्यापर्यंत ते गुडघे धरत चढले, आणि तेवढ्यात चारी बाजूंनी एकदम आरडाओरडा झाला. सौरभच्या घराचं दार धाडकन उघडलं. बँकेत काम करणारा हा बत्तीस वर्षांचा बाप्या अक्षरशः नाचत बाहेर आला. ‘‘काका! आपली पियू! शेवटच्या मिनिटाला काय धरली यार! एका गुणाने जिंकलो! बघितलं ना?’’

काकांनी ‘नाही’ म्हणून मान हलवली. साऱ्या बिल्डिंगने पाहिलं होतं. फक्त जिने जन्म दिला आणि ज्याने शिकवलं, ते दोघं राहिले होते.

सौरभच्या लक्षात आलं तसा त्याचा चेहरा उतरला. तो त्यांना हात देऊन खाली घेऊन आला. मालन अजून त्या पाटीसमोर बसली होती. ‘‘जिंकली म्हणं?’’ ती म्हणाली. आनंद होता तिच्या आवाजात, पण बाहेरून ऐकलेला.

काकांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी सौरभकडे वळून विचारलं, ‘‘कुठून आली ती चढाईवाली?’’

‘‘उजवीकडून. बोनसच्या रेषेवर पाय टाकला.’’

‘‘पाय टाक.’’

सौरभने सतरंजीच्या कडेवर पाय टाकला आणि सहासष्ट वर्षांचे लवूकाका कोपऱ्यातून वाकून पुढे झेपावले. दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरला, खांदा पोटरीला लावला, आणि सौरभ पलंगावर आडवा झाला. विमलाकाकू ओरडल्या. दारात दुसऱ्या मजल्यावरचे नितेश आणि दीप्ती येऊन उभे होते. ‘‘नाही काका, डावा पाय होता,’’ दीप्ती म्हणाली. ‘‘आणि पियू आधी एक पाऊल मागे गेली,’’ नितेशने भर घातली. काका परत कोपऱ्यात गेले. एक पाऊल मागे, मग डावा पाय. जिन्यातून आणखी माणसं आली, जो तो दुरुस्ती करी, आणि सौरभ पुन्हा पुन्हा पडत होता. मालन डोळे मोठे करून बघत होती. ‘‘अशी धरली?’’ ‘‘अश्शी!’’

अर्ध्या तासाने अ‍ॅपवर तो तुकडा आला. सौरभने मोबाइल मालनच्या हातात दिला. पडद्यावर तिची लेक एक पाऊल मागे गेली, वाकली आणि झेपावली. मालनने ते शेवटपर्यंत पाहिलं. मग मोबाइल सौरभला परत दिला.

‘‘हे मी बघितलंय मघाशीच,’’ ती म्हणाली. ‘‘भाऊंची पकड हाय ही.’’

लवूकाका सतरंजीवरून उठू शकत नव्हते. गुडघा सुजला होता म्हणून असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि पंच्याने तोंड पुसायला लागले.