गोदाबाईची दमणी फर्दापूरला

फोपनारच्या विहिरीवर गोदाबाई आली की बायका आपापल्या घागरी जरा लवकर भरून घ्यायच्या. तिच्यावर राग कुणाचाच नव्हता. पण ती प्रश्न विचारायची, आणि एकदा तिच्या प्रश्नांत सापडलेली बाई घरी उशिरा पोचून बोलणी खायची. बुऱ्हाणपूरच्या गिरणीचा भोंगा वाफेवर वाजतो म्हणतात, मग वाफेला वेळ कशी कळते? तापीचं पाणी पुढे जातं कुठे, आणि तिथल्या लोकांना आपल्याकडचा गाळ ओळखू येतो का? माहेरी, लोधीपुऱ्यात, तिच्या लग्नात अंतरपाट धरला होता, तेव्हा भटजी मंगलाष्टकं म्हणत असताना तिने मामाला हळूच विचारलं होतं, "मामा, हे कापड कुठल्या मागावरचं?" पलीकडे उभ्या असलेल्या चुडामणने ते ऐकलं आणि आपल्या नशिबात काय वाढून ठेवलंय ते त्याला तेव्हाच कळलं.

चुडामण मुळात कमी बोलणारा. कापूस, तूर, बैल आणि पाऊस यांच्यापलीकडे तो सहसा जात नसे. बायको विचारायची, तो "हं" म्हणायचा, आणि दोघांचा संसार बरा चालला होता. शारदा नावाची एक मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची. आणि घरात होती मालूबाई, चुडामणची आई. ताठ कण्याची, तुटक बोलणारी म्हातारी.

साऱ्या गावाला भंडावणाऱ्या गोदाबाईने एक प्रश्न मात्र घरात कधी विचारला नव्हता. चुडामणला एक थोरला भाऊ होता, निंबा. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली तो गेला, म्हणजे गोदाबाई या घरात यायच्या आधीच. एवढंच तिला ठाऊक होतं, तेही शेजारच्या सरुबाईकडून. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. नवी नवरी असताना एकदा तिने "भाऊजी कसे दिसायचे?" असं विचारायला तोंड उघडलं होतं. मालूबाईने हातातली परात अशी खाली ठेवली की गोदाबाईने तोंड मिटलं, ते मिटलंच.

लेण्यांचं वेड तिच्या डोक्यात घातलं कडू कासाराने. तो बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायचा, आणि एकदा निजामाच्या मुलखात फर्दापूरपर्यंत जाऊन आला होता. तिथल्या डोंगरात कोरलेली लेणी आहेत आणि आत भिंतींवर रंगवलेल्या बाया आहेत, असं तो गोदाबाईचा हात दाबून बांगडी चढवता चढवता सांगत होता.

"त्या बायांच्या हातात बांगड्या आहेत का?" गोदाबाईने विचारलं.

"आहेत तर. कोपरापर्यंत."

"कसल्या? काचेच्या?"

कडू कासार थांबला. "ते नाही पाह्यलं, बाई."

"बांगड्या विकता आणि बांगड्याच नाही पाह्यल्या?"

तो हसला, पण गोदाबाईला हसू आलं नाही. ज्या बाया शेकडो वर्षं अंधारात उभ्या आहेत त्यांच्या हातात काय आहे, हे साधं कुणी बघू नये? ती त्या दिवसापासून चुडामणच्या मागे लागली. चुडामणने "हं" म्हणून दोन वर्षं काढली.

तिसऱ्या वर्षी कापूस चांगला झाला. तूर घरात आली. मालूबाईने महाशिवरात्रीला एदलाबादला मुक्ताईच्या दर्शनाला जायचं ठरवलं, तशी चुडामणने दमणी धुऊन काढली, चाकांना वंगण दिलं, वर तट्ट्याचं छत बांधलं. गोदाबाईने दशम्या केल्या, आणि केल्या त्या जरा जास्तच केल्या.

"चार माणसांले एवढ्या कसाले?" मालूबाईने विचारलं.

"वाटेत लागतात, आत्याबाई."

शहापूर मागे टाकून दमणी अंतुर्लीच्या वाटेला लागली. इंग्रजांचंच राज्य, पण मध्य प्रांत संपून मुंबई इलाखा सुरू झाला तिथे गोदाबाईने गाडी थांबवायला लावली. खाली उतरून ती इकडची माती आणि तिकडची माती बघून आली.

"काय फरक दिसला?" चुडामणने विचारलं.

"काहीच नाही. मग हद्द ठरवली कशावरून?"

"हं," चुडामण म्हणाला आणि त्याने बैलांना हाकललं.

पूर्णेच्या उतारावर पाणी बैलांच्या पोटाला लागलं. शारदा किंचाळली, मालूबाईने मुक्ताईचं नाव घेतलं, आणि गोदाबाई छताबाहेर वाकून तळाचे गोटे बघत बसली. दर्शन नीट झालं. यात्रेत मालूबाईने शारदाला रेवड्या घेऊन दिल्या. दुपारी कडुनिंबाच्या झाडाखाली सगळे जेवायला बसले, तेव्हा शेजारी एक गाडीवान बैल सोडून विसावला होता. गोदाबाईने त्याला लेण्यांची वाट विचारली.

"बोदवडवरून पहूर, पहूरहून वाकोद, मग फर्दापूर," तो म्हणाला. "बैल चांगले असले तर लांब नाही."

"बैल थकलेत," चुडामण लगेच म्हणाला.

बैल शांतपणे कडबा खात होते. गाडीवानाने त्यांच्याकडे पाहिलं आणि तो मालूबाईकडे वळला. "आजी, जाऊन या. पांडवांनी कोरलेली जागा. आत एवढाले देव बसले आहेत, दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राह्यली तरी देवाच्या कानाला हात पोचायचा नाही."

मालूबाईने भाकरीचा घास थांबवला. "देव आहेत?"

"देवच देव."

"मग इथवर येऊन माघारी कसं जायचं, चुडामण?" मालूबाई म्हणाली. देवांशेजारी बांगड्या भरलेल्या बायाही आहेत, हे गोदाबाई बोलली नाही.

पुढची वाट नवी होती. वाकोदनंतर डोंगर जवळ आले. सागाची पानं गळून वाटेवर पडली होती आणि चाकांखाली कुरकुरत होती. मोर गाडीसमोरून निवांत गेले. एका ओढ्याच्या ओल्या वाळूत वाघाचं पाऊल उमटलेलं चुडामणने दाखवलं. बैल तिथे बुजले. गोदाबाईने त्या खुणेशेजारी आपला पंजा टेकवून पाहिला आणि मालूबाईच्या शिव्या खाल्ल्या.

फर्दापूरच्या नाक्यावर निजामाच्या शिपायाने नाव-गाव विचारलं. तिथल्या दुकानदाराने मोड दिली त्यात निजामाचं नाणं निघालं. गोदाबाई ते उलटंसुलटं करत राहिली. "यावर राजाचं तोंडच नाही. चार मिनार आहेत. राजा कसा दिसतो ते इथल्या माणसांना कळतं कसं?" शिपाई हसला. "बाई, हमने भी नहीं देखा," तो म्हणाला.

सकाळी दमणी फर्दापुरात ठेवून सगळे वाघूर नदीच्या कडेने दरीत शिरले. नदी पुन्हा पुन्हा आडवी यायची. चुडामण आईचा हात धरून तिला दगडांवरून पलीकडे नेत होता. एका वळणावर डोंगराचा उभा कडा समोर आला, घोड्याच्या नालासारखा वळलेला, आणि त्याच्या कमरेला दारांची रांग. गोदाबाई बोटाने दारं मोजायला लागली.

पहिल्या लेण्यात अंधार होता. राखणदार दाराशी बसला होता. पांढरी दाढी, अंगात खाकी कोट. त्याच्याजवळ एक मोठा आरसा होता. त्याने उन्हात आरसा धरला आणि उजेडाचा एक तुकडा आत भिंतीवर फेकला. भिंत जागी झाली. राजे, दासी, हत्ती, झाडं. डोळे अर्धे मिटलेला एक तरुण हातात निळं कमळ घेऊन उभा होता.

"जरा डावीकडे, बाबा," गोदाबाई म्हणाली. "आता खाली. तिच्या हातावर. हं, तिथंच."

सावळ्या रंगाची एक बाई मान कलती करून उभी होती. गोदाबाई इतकी पुढे झाली की राखणदाराला ओरडावं लागलं, "हाथ मत लगाना!" तिने दोन्ही हात पाठीमागे धरले आणि पाहिलं. मोत्यांचे सर होते. दंडात वाक्या होत्या, मनगटात जाड कडी. काचेची एकही नाही.

"कासारांचं काय चालत असेल तेव्हा?" ती स्वतःशीच म्हणाली. मग छताकडे पाहून तिने विचारलं, "हत्ती गुलाबी का रंगवला?"

राखणदाराला इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तोही मान वर करून बघत राहिला.

चुडामण एका कोपऱ्यात हरवला होता. तिथे दोन बैल शिंगाला शिंग लावून झुंजत होते. तो कितीतरी वेळ हलेना. "गोदे," त्याने आपणहून हाक मारली, "हे बघ. ज्याने काढलं त्याने बैल पाळले असतील. मागच्या पायावर जोर बघ." गोदाबाई बैलांकडे बघायचं सोडून नवऱ्याकडेच बघत राहिली.

मालूबाई मात्र नाराज होती. देव बसलेले होते, पण त्यांना ना कुंकू, ना फूल, ना घंटा. "हे कोणते देव? पांडव कुठं आहेत?" ती विचारायची आणि दाराबाहेर दगडावर टेकायची. शारदा तिच्यापाशी थांबायची. असं करत करत ती चौघं शेवटाकडच्या एका मोठ्या लेण्यापाशी आली. ऊन तापलं होतं, म्हणून मालूबाई सावलीसाठी आत शिरली.

आत डाव्या भिंतीशी ती थबकली.

भिंतीच्या लांबीभर एक माणूस निजला होता. दगडातला, पण अंगावरच्या वस्त्राच्या चुण्यांसकट. उजव्या कुशीवर, हात उशाला घेऊन, पाय एकावर एक. तोंडावर कसलाही त्रास नाही. आणि त्याच्याखाली लहान लहान माणसं बसलेली. कुणी डोकं धरलेलं, कुणी मान खाली घातलेली.

"हे निजलेत का?" शारदाने विचारलं.

मालूबाई हळूच खाली बसली. "नाही, पोरी. गेला आहे तो. खालची माणसं रडतात, दिसत नाही का तुले?"

गोदाबाई आणि चुडामण मागून आले तेव्हा म्हातारी त्या दगडी पायांपाशी बसून होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. चुडामण घाबरला. "माय, काय झालं? पाय दुखला का?"

गोदाबाई तिच्या शेजारी बसली. तेरा वर्षं मिटलेला प्रश्न तिच्या ओठांवर आला. आज परात नव्हती, चूल नव्हती, गाव लांब होतं. तिने अगदी हळू विचारलं, "आत्याबाई, निंबाभाऊजी असे निजायचे का?"

मालूबाईने सुनेकडे पाहिलं. मग मान हलवली.

"असाच. उजव्या कुशीवर. हात असा उशाला. कितीदा सांगितलं, मुंग्या येतील हाताले. ऐकायचा नाही." तिने पदराने नाक पुसलं. "गिरणीत कामाले गेला होता. तठीच ताप आला. आम्हांले निरोप मिळाला तवा सगळं उरकलं होतं. एकामागं एक माणसं जात होती, कोण कोणासाठी थांबतं? मी त्याले पाह्यलंच नाही, गोदे. कसा निजला होता, तोंड कसं होतं, कोणी जवळ होतं का, कोण सांगणार?" तिने खालच्या रडणाऱ्या माणसांकडे बोट केलं. "याच्यापाशी एवढी माणसं आहेत."

चुडामण दुसऱ्या बाजूला येऊन बसला. या वेळी तो "हं"ही म्हणाला नाही. त्याने आईचा हात आपल्या हातात घेतला. बाहेर राखणदार आरसा घेऊन आला होता. त्याने आत पाहिलं आणि आरसा पालथा करून तो दाराशीच बसून राहिला.

परतीच्या वाटेवर बोलली ती मालूबाई. वाकोदपासून जी सुरुवात झाली ती पूर्णेच्या उतारापर्यंत. निंबा पोहायचा कसा, त्याला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कशी आवडायची, त्याचा आवाज केवढा मोठा होता. आणि गोदाबाई विचारत होती. उंच होते का? चिडायचे का? तापीच्या पुरात उडी खरंच मारली होती का? म्हातारी एकाही प्रश्नाला थकली नाही.

"तुले खांद्यावर घेऊन तो शहापूरच्या बाजारात न्यायचा," ती चुडामणला म्हणाली. "आठवतं का?"

चुडामण बैलांकडे बघत म्हणाला, "खांद्यावरून बाजार दिसायचा, ते आठवतं. खांदा कोणाचा ते विसरलो होतो."

गावात पोचल्यावर विहिरीवर गर्दी झाली. बांगड्यांचं गोदाबाईने सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं, पण काच नसलेल्या बांगड्या कुणाला पटल्या नाहीत. घरी मालूबाईने त्या वर्षी पितरांच्या पंधरवड्यात पहिल्यांदाच निंबाच्या नावाने पान वाढलं आणि शारदाला त्याच्या पुरातल्या उडीची गोष्ट सांगितली. शारदाला ती इतकी आवडली की तिने ती शाळेतही सांगितली, आणि सांगताना पूर जरा वाढवला.

पुढच्या हिवाळ्यात कापूस वेचणं संपत आलं होतं. मालूबाई अंगणात ऊन खात बसली होती. उत्तरेला लांब, आभाळाच्या कडेला असीरगडाचा डोंगर दिसत होता, स्वच्छ हवेत निळा. ती बराच वेळ तिकडे बघत होती.

"गोदे," तिने आत हाक मारली, "त्या गडावर वर काय आहे गं?"

गोदाबाई पिठाचे हात घेऊनच बाहेर आली. "मले काय ठाऊक, आत्याबाई? मी कुठं गेले?"

"चुडामणले म्हण, दमणी धुवून काढ."

गोठ्यातून चुडामणने ते ऐकलं. तो वंगणाचं डबडं शोधायला लागला.