नाथाजीची झील

नाथाजीला गाण्याचं वेड आहे एवढंच सांगितलं तर ती त्याची बदनामी होईल. वेड चार दिवसांनी उतरतं. ह्याचं काही उतरलेलं नाही. पलूसच्या पलीकडं, चारी बाजूंनी उसात बुडालेल्या त्याच्या गावात कुणाला आपल्या लग्नाचं साल आठवेना झालं की लोक नाथाजीकडं जातात. तो डोकं खाजवणार आणि सांगणार, "ज्योतिबा शाहीर आपल्याकडं पयल्यांदा आलं, त्येच्या फुडल्या उन्हाळ्यात तुजं लगीन." साल ज्यानं त्यानं आपलं काढून घ्यावं.

हे ज्योतिबा शाहीर कोरेगावकडचे, भेदिक गाणारे. भेदिक म्हणजे माना डोलवत ऐकायची गोष्ट नव्हे, बरं का. दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात. एकीनं गाण्यात सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातच जवाब द्यायचा. हातात डफ, जोडीला झांज आणि एका तारेचं तुणतुणं, झाला कारखाना सुरू. शाहिरानं ओळ सोडली की मागचे गडी शेवटचा सूर उचलून धरतात, "जी जी रं जी जी." ह्याला म्हणायचं झील. आणि पहिल्या रांगेत जे जुने ऐकणारे बसलेले असतात, त्यांनाही झील धरायचा मान असतो. हा मान कुणी देत नाही आणि मागून मिळत नाही. वर्षानुवर्षं मांडी घालून बसावं लागतं.

नाथाजी बसला. मिसरूड फुटल्यापासून बसला. फौजेत गेला, तोफखान्यात, तरी सुट्टी मागायची ती यात्रांचा हंगाम बघून. साहेब म्हणायचा, तुझ्या घरी दर चैत्रात कोण मरतं रे? घरी कुणी मरत नव्हतं, कोरेगावला, पाटणला शाहिरांचे कार्यक्रम असत. पहिल्या पगारातून त्यानं कॅसेटचा रेडिओ घेतला आणि स्टेजच्या कडेला उभा राहून, दोन्ही हातांनी डोक्यावर धरून अख्खा कार्यक्रम भरून घेतला. त्या कॅसेटी बर्फात नेल्या, वाळवंटात नेल्या. ऐकून ऐकून फीत सैल पडली, शाहीर पेंगल्यासारखे गायला लागले, तरी पंजाबी पोरं बराकीत म्हणायची, "पाटील, वो जी-जी वाला लगा."

पुढं सीडी आली, मग मोबाईलमधलं कार्ड आलं. आता नातवंडांनी यूट्यूबवर ज्योतिबा शाहीर काढून दिलेत, बोट लावलं की गायला तयार. नाथाजीनं यातल्या कशालाच कधी नाक मुरडलं नाही. नव्या यंत्राला तो सगळ्यांच्या आधी हात घालायचा. फक्त एक गोष्ट तो प्रत्येकाला ऐकवायचा, समोरच्याला ऐकायची असो वा नसो. "मोबाईलमदला शाहीर तुमच्यासाटी थांबतोय. च्या प्यायला उटा, ल्येक थांबतोय. समोरचा शाहीर थांबत न्हाई. म्हनून तिथं माणूस जीव लावून ऐकतंय." आणि मोबाईलमध्ये झील धरता येत नाही. धरली तरी शाहिराला कुठं कळतीय?

गेल्या यात्रेत त्याच झीलनं त्याचा घात केला.

तोफांनी डावा कान नोकरीतच नेला होता. उजवा म्हातारपणानं चालला होता, पण नाथाजीनं ते कबूल केलं नव्हतं. शाहिरांनी ओळ सोडली, गड्यांनी झील उचलली, नाथाजीनंही डोळे मिटून उचलली. गडी थांबले. नाथाजी थांबला नाही. त्याला कळलंच नाही. सगळा मांडव चिडीचूप आणि मधोमध एकटा नाथाजी, "जी जी रं जी जी." पोरं फिदीफिदी हसली. शाहिरांनी सांभाळून घेतलं, म्हणाले, "आमच्या नाथाजीचं अजून प्वाट भरल्यालं न्हाई." त्यावर मांडव आणखी हसला. चांगल्या मनानंच म्हणाले, पण नाथाजीच्या काळजात ते रुतलं. त्या रात्री तो जेवला नाही.

दुसरा कुणी असता तर पुढल्या वर्षापासून मागं खुर्चीवर जाऊन बसला असता. नाथाजीनं सकाळी उठून बायकोला सांगितलं, "फुडल्या यात्रंला मी झील धरणार, आन बरुबर धरणार. त्येच्यासाटी काय करायचं ती करतो."

"आता गं बया!" राहीबाई म्हणाली. "धा वर्सं माजं बोलनं ऐकू यीना, तवा दवाखान्याची पायरी चढला न्हाईसा. आन तुणतुण्यासाटी निगालासा व्हय?"

"तुजं काय बोलनं असतंय ती मला ठावं हाय," नाथाजी म्हणाला आणि सांगलीच्या एसटीत बसला.

सांगलीला कान तपासणारी साक्षी नावाची मुलगी होती. गोड बोलायची आणि कामाला चोख. तिनं डाव्या कानाची आशा सोडा म्हणून सरळ सांगितलं आणि उजव्याला यंत्र बसवलं. कानामागं बोराएवढं यंत्र, त्यातून बारीक नळी आत. नाथाजी बाहेर आला तर रिक्षाचा हॉर्न, चप्पल घासल्याचा आवाज, कुणाचं तरी भांडण, सगळं एकदम अंगावर आलं. खूश झाला गडी. घरी येऊन गुंडाला हाक मारली.

गुंडा म्हणजे गल्लीतलाच, शाहिरांच्या पार्टीत तुणतुणं धरणारा. त्यानं तार छेडली. एकदा टुणकन वाजलं आणि पुढं काहीच नाही. गुंडाचं बोट हलतंय, आवाज गायब. यंत्र काढलं तर तुणतुणं नाही आणि शब्दही नाहीत. घातलं तर शब्द लख्ख आणि तुणतुणं गुडुप. नाथाजी असा काही तापला की राहीबाईनं चहाचा कप त्याच्या हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो साक्षीपुढं हजर. तिनं बोलून बघितलं, तपासून बघितलं, सगळं ठीक.

"आजोबा, माझं बोलणं नीट ऐकू येतंय ना?"

"बोलनं ऐकवायला घरात मानसं हाईत, वरडत्यात ती. मला तुणतुणं पायजे."

साक्षीनं समजावलं. हे यंत्र माणसाच्या बोलण्यासाठी बनवलंय. एकच बारीक सूर सारखा वाजत राहिला की त्याला वाटतं आपलीच शिट्टी वाजायला लागली, म्हणून ते तो सूर दाबून टाकतं.

"मग सांगा की त्येला, शिट्टी न्हवं, तुणतुणं हाय म्हनावं."

"सांगता येतं. गाण्यासाठी वेगळं सेटिंग करता येतं. पण मला तो आवाज ऐकायला पाहिजे. तुणतुण्याचा आवाज कुठं मिळेल?"

ती कॉम्प्युटरवर शोधायचं म्हणत होती. नाथाजीनं ते आपल्या हिशेबानं घेतलं. आठवडा उलटायच्या आत तो परत आला तो गुंडाला घेऊन, आणि गुंडाच्या काखेत तुणतुणं, वर डफ, खिशात झांजा. बाकावर कान धरून बसलेली मंडळी बघतच राहिली. साक्षीनं आधी कपाळाला हात लावला, मग दार लावून घेतलं आणि म्हणाली, "वाजवा." गुंडा वाजवतोय, ती बटणं दाबतेय, नाथाजी "न्हाई, न्हाई, पत्र्यावानी वाजतंय" म्हणतोय. डफ आला तर झांज कानात घुसायची, झांज आवरली तर तुणतुणं पळायचं. दोघांनीही सोडलं नाही. दुपार टळत आली तेव्हा कुठं नाथाजीनं हात वर केला आणि डोळे मिटले. गुंडा वाजवत राहिला. नाथाजीच्या गालावरून पाणी यायला लागलं तसं साक्षीनं हळूच सांगितलं, "बटण एकदा दाबलं की बोलणं, दोनदा दाबलं की तुणतुणं. एवढं लक्षात ठेवा."

त्यानंतर नाथाजी रोज गोठ्यात बसून तयारी करायचा. मोबाईलवर शाहीर लावायचे, यंत्र दोनदा दाबायचं, झील उचलायची आणि गड्यांबरोबर थांबायचं. म्हशींनी त्या दिवसांत बरंच सोसलं.

यात्रा आली. संध्याकाळ डीजेला दिलेली, म्हणून यात्रा कमिटीच्या राजवर्धननं भेदिक दुपारी ठेवलं होतं. ऊन रणरणत होतं, मांडव निम्मा भरलेला, त्यातली निम्मी माणसं सावलीसाठी आलेली. नाथाजी पहिल्या रांगेत, मधोमध. भेदिकात एक पार्टी कलगीची, दुसरी तुऱ्याची. समोर तुऱ्याची पार्टी, तिचा शाहीर शंभूराज नावाचा तरणाबांड गडी. इकडं कलगीचे ज्योतिबा शाहीर. गुंडानं तुणतुणं छेडलं आणि नाथाजीला ते असं स्वच्छ ऐकू आलं की त्यानं मांडीवर थाप मारली.

मग शाहिरांनी तोंड उघडलं आणि नाथाजीचा हात मांडीवरच राहिला.

शाहीर तुणतुण्याच्या खाली गात होते. तार एकीकडं, गळा दुसरीकडं. त्याला वाटलं, यंत्रानं घोळ केला. एकदा दाबलं, पुन्हा दोनदा दाबलं. तेच. मनातल्या मनात त्यानं साक्षीला दोन शब्द सुनावलेही. मागं कुणीतरी हसलं, दोघंतिघं उठून भेळेच्या गाड्याकडं गेले. शाहिरांनी झीलसाठी नाथाजीकडं बघितलं, पण कुठल्या सुराला धरावी हेच नाथाजीला उमगेना. झील हुकली. मग शंभूराज उठला, त्यानं सवाल टाकला, आणि त्याचा सूर त्याच्या पार्टीच्या तुणतुण्याशी सुतात होता. म्हणजे यंत्र ठीक होतं. नाथाजीनं गुंडाकडं बघितलं. गुंडानं मान खाली घातली.

नाथाजी तडक उठला आणि स्टेजच्या बाजूला गेला. शाहीर पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते. नाथाजीनं हाक मारली, त्यांनी बघितलं नाही. खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकले. नाथाजीनं त्यांच्या कानाला तोंड लावलं. "शाहीर, तुणतुणं ऐकू येतंय का?"

शाहिरांनी इकडंतिकडं बघितलं. "भोंग्यावरचा सवाल कळतोय, तुणतुणं न्हाई. दोन वर्सं झाली रं. गुंडाला शपत घातलीया, कुनाला सांगू नगं म्हनून. त्येच्या बोटाकडं बघतो. बोट हालतंय म्हंजी वाजत आसंल म्हंतो आन गातो. आता एवढा जवाब दितो आन डफ ठेवतो, गड्या. लोकांनी हसून उटवायच्या आत आपनच उटल्यालं बरं."

ह्या माणसासाठी नाथाजीनं साहेबाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. शंभूराजचा सवाल संपत आला होता. नाथाजीचा हात कानामागं गेला आणि तिथंच थांबला. वर्षभराचा खटाटोप होता तो, आणि आजचाच दिवस होता. खोटं कशाला सांगू, त्याच्या जिवावर आलं. त्यानं दात आवळले आणि यंत्र उपसलं. मांडव, शंभूराज, भोंगे, सगळं एका झटक्यात बुजलं. नळी धोतराच्या सोग्याला पुसून त्यानं ती शाहिरांच्या कानात बसवली, नीट बसेपर्यंत दोनदा काढून घातली.

"दोनदा दाबल्यालं हाय," तो स्वतःला ऐकू न येणाऱ्या आवाजात म्हणाला. "बटनाला हात लावू नगासा."

गुंडानं तार छेडली. शाहीर ताठ झाले. मग त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते नाथाजीला कळलं नाही, पण गुंडा हसायला लागला आणि त्यानं तुणतुण्याची खुंटी पिळली. तार जराशी उतरली होती, ते शाहिरांनी ओळखलं होतं.

नाथाजी जाग्यावर येऊन बसला. शाहीर उठले, डफ कानाजवळ नेला, तोंड उघडलं. नाथाजीला घुमल्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं, बास. शब्द नाही, तार नाही, झांज नाही. पण भेळेच्या गाड्याकडं गेलेली माणसं कागद हातात घेऊनच परत येताना दिसली. उभे होते ते बसले. बायकांच्या बाजूला राहीबाईनं पदर तोंडाला लावला होता. शंभूराजनं दोन्ही हात जोडलेले होते.

शाहिरांनी ओळ सोडली असावी, कारण त्यांनी नाथाजीकडं बघितलं.

हसणार असतील तर हसू देत, नाथाजीच्या मनात आलं, पण मागं सरायचं नाही. त्यानं शाहिरांच्या डफावरच्या हातावर नजर रोवली आणि छाती भरून झील उचलली. हात वर होता तोवर धरली. हात पडला, त्यानं तोंड मिटलं. मग मान वळवून मागं बघितलं. कुणी हसत नव्हतं.

राजवर्धन गर्दीतून वाट काढत आला, त्याच्या शेजारी टेकला आणि कानाशी ओरडला, "नाना, काय गायलं शाहीर! अंगावर काटा आला. ऐकलंसा न्हवं?"

"ऐकलं की. सगळं ऐकलं," नाथाजी म्हणाला. मग तो राजवर्धनच्या जवळ सरकला. "बरं, जवाब काय दिला रं त्येंनी?"