त्यांनी माझी ओटी भरली

खंडेराव मोहिते. हे नाव आधी लिहितो, मग बाकीचं. बाकीचं लिहिताना माझा धीर सुटेल आणि हे नाव राहून जाईल, अशी भीती वाटते. खंडेराव घोडदळात होते. पेन्शन झाल्यावर ग्वाल्हेरातल्याच एका सरदारांच्या देवडीवर पहाऱ्याला बसत. ते नसते तर मी हे लिहायला उरलो नसतो.

आता काय घडलं ते.

नवरात्र होतं. मी पाटणकर बाजारात अण्णांच्या दुकानात पगड्या बांधत असे. त्या दिवशी त्याच सरदारांच्या हवेलीत गेलो, धाकट्या सरकारांसाठी. दसऱ्याच्या स्वारीला त्या घरात तयार पगडी घालत नसत, डोक्यावरच बांधायची रीत होती. कापड नवं, चंदेरीचं, म्हणून आधी एकदा बांधून बघायचं होतं. बैठकीत त्यांचे मित्र लोडाला टेकून बसलेले. मी उंबरा ओलांडला तसे धाकटे सरकार म्हणाले,

"या बाई, या."

मित्र हसले. मीही हसलो. अशा वेळी हसायचं असतं, असं मला वाटायचं.

"नवरात्रात बाई घरी आली आणि ओटी न भरता पाठवली, तर आईसाहेब आम्हाला काय म्हणतील? तबक आणा रे कोणी."

देवीसाठी तबकं तयार होतीच. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. एकानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. बोट मुद्दाम दाबून. सरकार म्हणाले, "पदर पसरा."

मी उपरण्याचं टोक पसरलं.

लिहिताना आताही कान तापतात. कोणी माझे हात धरले नव्हते. कोणी मारलं नव्हतं. मी पसरलं. त्यांनी नारळ टाकला, तांदूळ टाकले. आणि ओटी भरून घेतल्यावर बायका वाकून नमस्कार करतात, तसा मी नमस्कार केला. तो कशाला केला, देव जाणे. आईला लहानपणापासून बघितलेलं, अंगात मुरलं असेल. पण त्या नमस्काराला जेवढं हसू आलं तेवढं बाकी कशालाच आलं नाही.

"देखो, देखो! खानदानी है!" एक मित्र मांडीवर हात मारून ओरडला. पडद्यामागं बांगड्या वाजल्या. तिथंही कोणीतरी हसलं.

"बायल्या लेकाचा," सरकार म्हणाले. अगदी मायेनं म्हणावं तसं.

हा शब्द मला नवा नव्हता. मी साताऱ्याकडचा. वडील गेले आणि मराठी चौथीतच शाळा सुटली. चुलते भर अंगणात मला ह्याच नावानं हाक मारत. पोटासाठी इतक्या लांब जातो, असं गावात सर्वांना सांगितलं. खरं म्हणजे त्या हाकेपासून पळालो होतो. ग्वाल्हेरात आल्यावर कळलं, इथं तोच शब्द दोन भाषांत आहे. बाजारात हिंदीतून जनखा, हवेलीत मराठीतून बायल्या.

पण नुसता अपमान झाला असता तर मी तो गिळला असता. पुष्कळ गिळले होते. हा गिळता येईना, कारण तो पूर्ण खोटा नव्हता.

पगडी बांधून घेणारा आरशासमोर बसतो आणि बांधणारा मागे उभा राहतो. कापडाला पीळ देत कपाळावरून कानामागं न्यायचं आणि तिथं अंगठ्यानं दाबून धरायचं. आरशात दोघांचे चेहरे एकावर एक दिसतात. गणपतीच्या आधी धाकटे सरकार दुकानात पहिल्यांदा आले. माझ्याच वयाचे. मानेवर, केस संपतात तिथं, त्यांना एक जुना व्रण आहे. माझा अंगठा तिथं थांबला. नको तेवढा थांबला. वर बघितलं तर ते आरशातून माझ्याकडे बघत होते. रागावले नाहीत. हसले. आणि अण्णांना म्हणाले, "पुढच्या वेळी यालाच पाठवा."

मी वेड्यासारखा खूष झालो. त्या हवेलीत जायचं असलं की सदरा धुऊन घालायचो. तेवढंच. ह्यापलीकडे मी काही मागितलं नव्हतं, मनातसुद्धा नाही.

म्हणून तर पदर पसरला. मनात म्हटलं, ही त्याचीच शिक्षा असेल.

तसाच, कपाळावर कुंकू आणि पोटाशी ती ओटी धरून मी देवडीपर्यंत आलो. बाहेर पाऊल टाकायची छाती होईना. खंडेराव बसले होते. तोवर आमचं बोलणं राम रामपुरतंच. उंच माणूस, पांढऱ्या मिशा. त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. लोट्यातलं पाणी हातावर घेऊन त्यांनी माझं कपाळ धुतलं, घोड्याचं तोंड धुवावं तसं, खसाखसा. मग म्हणाले, "नारळ दे."

दिला. त्यांनी तो देवडीच्या पायरीवर फोडला आणि अर्धा माझ्या हातात दिला.

"खा. नारळाचा काय गुन्हा?"

मी रडत रडत खोबरं खाल्लं.

"हळू. घशात अडकेल. मग म्हणतील, देवडीवाल्यानं मारला."

संध्याकाळी ते मला दाना ओली नावाच्या गल्लीतल्या आपल्या खोलीवर घेऊन गेले. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू तसा आहेस."

"नाही! देवाशपथ नाही."

"मी आहे," ते म्हणाले आणि भाकरी उलटली.

मी बघतच राहिलो. ती छाती, त्या मिशा.

"तुम्ही? तुम्ही तर शिपाई माणूस."

"मग शिपायाला मन नसतं का?"

"पण लोक तर बायल्या म्हणतात."

"म्हणोत ना. बाईच्या नावानं शिवी द्यायची आणि घरी जाऊन बाईच्याच हातचं जेवायचं. माझी आई गव्हाचं पोतं एकटी उचलायची. तिच्यासारखा म्हटलं तर मला का वाईट वाटावं?"

हा रोग असतो का, असं मी विचारलं. मारुतीचे शनिवार धरले होते, तेही सांगितलं.

"उतरला मग?"

"नाही."

"मीपण धरले होते. फक्त पोट उतरलं. मारुतीला कशाला त्रास देऊन राहिलास?"

मला हसू आलं. ग्वाल्हेरात आल्यापासून पहिल्यांदा खरं हसू. मग धीर करून विचारलं, "मग हे आहे तरी काय?"

"मला काय विचारतोस! मला माणूस आवडला की आवडतो. आत बरं वाटतं. बरं वाटण्यात पाप कुठून येतं, हे मला कोणी नीट समजावलंच नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "पण तोंड उघडायचं नाही. बघायचं, गप्प राहायचं. मी सारी जिंदगी अशीच काढली."

त्यांचं पहिलं बोलणं मला पटलं. दुसरं पटलं नाही. पण ज्यानं जेवायला घातलं त्याच्याशी वाद कसा घालायचा?

दोन-तीन दिवसांनी अण्णा म्हणाले, "दसऱ्याला धाकट्या सरकारांनी तुलाच बोलावलंय."

"अण्णा, दुसऱ्याला पाठवा."

"का? ओटीचं मनाला लावून घेतलंस?" म्हणजे दुकानापर्यंत पोचलं होतं. "अरे, मोठ्या लोकांची मस्करी ती. हसून सोडून द्यायची. ते घर माझ्या हातचं गेलं तर बोचकं उचलायचं आणि चालू लागायचं."

मी दुकानाच्या माळ्यावर झोपत होतो. काम गेलं की छप्परही गेलं. ह्या शहरात मला दुसरं कोणी नव्हतं. खंडेरावांना विचारलं. ते म्हणाले, "जा. बांध. निमूट बाहेर ये. फिकर नको करू, मी देवडीवर आहे."

दसऱ्याला गेलो. बाहेर घोडे सजवलेले, मशालजी, चोपदार. बैठकीत थोरले सरकार, म्हणजे सरदार स्वतः, अंगरखा, तलवार सगळं चढवून तयार होते. धाकटे आरशासमोर बसले. मी मागे उभा राहिलो आणि बांधायला लागलो. पीळ बरोबर पडत होता. अर्धी पगडी झाली.

आरशातून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "काय बाई, ओटी फळली का?"

सगळे हसले. थोरले सरकारही मिशीत हसले. आणि माझे ओठ वर गेले. हसायला. सवयीनं.

ते मला आरशात दिसलं. स्वतःचं ते हसू मी कधी बघितलं नव्हतं. लाथ खाऊन शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याचं तोंड. इतकी लाज मला ओटी घेतानाही वाटली नव्हती.

मी कापड सोडलं. पीळ सुटले आणि ते त्यांच्या खांद्यावर पडलं.

"सरकार, पगडी दुसऱ्याकडून बांधून घ्या."

"काय म्हणालास?"

"ज्याला बायल्या म्हणता त्याच्याच हातची पगडी घालून दरबारात बसायला तुम्हाला चालतं. मला बांधायला चालणार नाही."

ते उठले. तोंड लाल. "मस्ती आलीय. तू आरशात काय बघत असतोस ते सांगू का सगळ्यांना?"

या वेळी आरशातून नाही, सरळ त्यांच्याकडे बघितलं. आणि बोललो.

"मीच सांगतो. तुमच्याकडे बघितलं. आवडलात, म्हणून बघितलं. एकदा अंगठा थांबला, तेवढी चूक माझी. तुमचं त्यात काही गेलं नाही. माझं गेलं."

कोणी हसलं नाही. मग थोरले सरकार गरजले, "खंडेराव! जोड्यानं मारत बाहेर काढा याला!"

खंडेराव आत आले. माझ्याजवळ उभे राहिले. पायातून जोडा काढला नाही.

"मारा म्हणतोय ना!"

"सरकार, मी देवडी राखायला आहे. जोडे मारायला दुसरा माणूस ठेवा."

एवढंच म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला बाहेर आणलं. मागून कोणीतरी थुंकलं, ते माझ्या पाठीवर पडलं. देवडीवर त्यांनी आपली काठी भिंतीला टेकवली, आणि ती परत कधी उचलली नाही. रस्त्यात मला चांगलं फैलावर घेतलं. "पगडी टाकलीस, तेवढं बास होतं. बाकीचं बोलायची काय गरज होती?"

"मग तुम्ही का नाही मारलंत?"

"चाल मुकाट्यानं."

अण्णांनी बोचकं रस्त्यावर ठेवलंच होतं. तेव्हापासून मी दाना ओलीत, त्यांच्या खोलीत राहतो. लग्नाकार्यातल्या पगड्या बांधतो. काही गिऱ्हाईकं माझ्यापुढं डोकं द्यायला नाही म्हणतात. जाऊ देत. लाज गेली, असं खोटं लिहिणार नाही. गल्लीत कोणी मागून काही बोललं तर अजून पावलं भरभर पडतात. पण हसत नाही आता. त्या नावाला ओ देत नाही.

खंडेरावांना हल्ली कमी दिसतं. परवा सकाळी चहा पिताना एकदम म्हणाले, घोडदळात त्यांचा एक माणूस होता. वीस वर्षांचा सोबती. तो वारला तेव्हा त्याचे भाऊ आले, त्यांनी सारं केलं. खंडेराव स्मशानात पाठीमागं उभे होते. एक लाकूड ठेवा, असंसुद्धा त्यांना कोणी म्हटलं नाही.

"मी कोण होतो? ओळखीचा," म्हणाले, आणि कप धुवायला उठले.

खंडेरावांना मूलबाळ नाही. देवडी त्यांनी माझ्यापायी सोडली, आणि त्याबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही. ते ऋण मला आज फेडता येत नाही. पण एक दिवस फेडीन. त्यांची वेळ येईल तेव्हा पुढे मडकं धरून मी चालेन. लोक विचारतील, तू यांचा कोण? विचारणारच. तेव्हा मान खाली घालणार नाही. सांगेन, मी त्यांचा माणूस आहे, आणि ते होते तसाच आहे. मग कोणाला जे म्हणायचं ते म्हणू दे.

अग्नी मीच देणार.